बायनरी संख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यात बायनरीबद्दल विचारणारे साधारण तीन प्रकारचे लोक असतात: डिप्लोमा किंवा बीएस्सी आयटीचे विद्यार्थी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत मीटर आणि सेन्सर जोडणारे तंत्रज्ञ, आणि सोसायटीचा हिशेब संगणकावर ठेवणारे खजिनदार. प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण गोची बहुतेक वेळा एकाच जागी असते. बिट, म्हणजे ० आणि १ हे अंक, बरोबर असतात. त्यांचा अर्थ कसा लावायचा, हे दोन बाजूंनी वेगवेगळं धरलेलं असतं. म्हणून खालच्या उत्तरांत किती बिट, चिन्ह आहे की नाही आणि अपूर्णांक कुठून सुरू होतो, यावर जास्त भर आहे.

बायनरी म्हणजे नेमकं काय?

आपण एकक, दशक, शतक म्हणतो तेव्हा प्रत्येक घर आधीच्या दहापट असतं. बायनरीत ते दुप्पट असतं: उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. प्रत्येक घरात फक्त ० किंवा १. त्यामुळे १०११०१ म्हणजे ३२ + ८ + ४ + १ = ४५. 'एक लाख एक हजार एकशे एक' असं वाचू नका, 'एक शून्य एक एक शून्य एक' असं वाचा. वर्गात निम्मा गोंधळ वाचण्यातूनच होतो.

दोनच अंक का? दहा पातळ्या ठेवल्या असत्या तर?

ठेवता येतात. एनिअ‍ॅक हा १९४५ चा अमेरिकन संगणक दशमानातच मोजत असे, आणि मॉस्को विद्यापीठातला १९५८ चा सेतुन तीन अवस्थांवर चालत असे. अडचण आहे ती गोंगाटाची. पाच व्होल्टवर चालणाऱ्या टीटीएल या प्रकारच्या लॉजिक चिपला आत येणारा ०.८ व्होल्टखालचा दाब ० वाटतो आणि २ व्होल्टवरचा १. बाहेर देताना मात्र ती ० साठी ०.४ च्या खाली आणि १ साठी २.४ च्या वर राहते. म्हणजे वाटेत ०.४ व्होल्टची गडबड झाली तरी अंक बदलत नाही. त्याच पाच व्होल्टमध्ये दहा पातळ्या बसवल्या की दोन शेजारच्या पातळ्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपासच अंतर उरतं.

आजच्या एसएसडीत एकेका पेशीत आठ किंवा सोळा पातळ्या साठवतात. पण चुका पकडून दुरुस्त करणारी भलीमोठी यंत्रणा सोबत लागते, आणि शेवटी त्या पातळ्यांचेही तीन किंवा चार बिटच केले जातात.

प्रयोगशाळेतली एक नेहमीची चूक: पिन मोकळी सोडली म्हणजे ० होत नाही. टीटीएलची मोकळी पिन बहुधा १ वाचली जाते, सीमॉस या दुसऱ्या प्रकारच्या चिपची काहीही वाचली जाते. ७४एलएस मालिकेच्या पिनला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून जमिनीकडे ओढलं तरी ती १ च राहते, कारण पिनमधून बाहेर येणारा प्रवाह ०.४ मिलिअँपिअरपर्यंत असतो आणि तेवढ्याने रेझिस्टरवरचा दाब ०.८ च्या बराच वर जातो. तिथे १ किलोओहम किंवा त्याहून कमी लावा.

दशमानातली संख्या बायनरीत कशी आणायची?

दोनने भागत जायचं आणि बाकी लिहीत जायचं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली ते साल घेऊ, १८५३.

१८५३ ÷ २ = ९२६, बाकी १
९२६ ÷ २ = ४६३, बाकी ०
४६३ ÷ २ = २३१, बाकी १
२३१ ÷ २ = ११५, बाकी १
११५ ÷ २ = ५७, बाकी १
५७ ÷ २ = २८, बाकी १
२८ ÷ २ = १४, बाकी ०
१४ ÷ २ = ७, बाकी ०
७ ÷ २ = ३, बाकी १
३ ÷ २ = १, बाकी १
१ ÷ २ = ०, बाकी १

आता खालून वर वाचा: १११००११११०१. पहिली बाकी एककाच्या घराची असते, म्हणून ती सगळ्यात उजवीकडे. वरून खाली वाचलं तर १५११ येतात. तेही एखादं साल वाटतं, म्हणून चूक चटकन डोळ्यांत भरत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे भागाकार १ आल्यावरच थांबणं. भागाकार ० येईपर्यंत जायचं, नाहीतर सगळ्यात मोठं घरच गळून पडतं.

तोंडी करायचं असेल तर उलटी वाट सोपी पडते: सगळ्यात मोठी बसणारी किंमत वजा करा. १८५३ मधून १०२४, ५१२ आणि २५६ गेले, उरले ६१. ६१ म्हणजे ३२ + १६ + ८ + ४ + १. न वापरलेल्या घरांत (१२८, ६४, २) शून्य लिहायला विसरू नका.

एखाद्या संख्येला किती बिट लागतील हे कसं ओळखायचं?

एन बिटांत ० पासून दोनचा एनवा घात वजा एक इथपर्यंतच्या संख्या मावतात: ८ बिटांत २५५ पर्यंत, १६ बिटांत ६५,५३५ पर्यंत. अंदाजासाठी दर दशमान अंकाला ३.३२ बिट धरा. सहा अंकी पिनकोडला सुमारे २० बिट लागतात, आणि २० बिटांची मर्यादा १०,४८,५७५ असल्यामुळे ९,९९,९९९ आरामात बसतो.

कमी बिट दिले तर काय होतं? ठाण्याचा पिनकोड ४००६०१ हा १६ बिटांच्या रकान्यात कोंबला, तर वरचे बिट कापले जाऊन ७३८५ उरतात. सी भाषेत बहुतेक कंपाइलर यावर थांबत नाहीत, फार तर इशारा देतात. तो वाचा. (खरं तर पिनकोड ही संख्या नव्हेच, त्याची बेरीज कुणी करत नाही. तो मजकूर म्हणूनच साठवावा.)

मंडपातल्या एलईडी पार लाइटवर नऊ-दहा छोटे स्विच असतात. त्यांचा पत्ता कसा लावायचा?

ते डिप स्विच म्हणजे उघडी बायनरी आहे. मंचावरचे लाइट चालवण्याच्या डीएमएक्स ५१२ या पद्धतीत एका ओळीत ५१२ चॅनेल असतात. स्विच १ ची किंमत १, स्विच २ ची २, स्विच ३ ची ४, असं करत स्विच ९ ची २५६. दहावा स्विच असला तर तो बहुधा मोड बदलण्यासाठी असतो, पत्त्यासाठी नव्हे.

सहा चॅनेलचे पाच लाइट असतील तर पत्ते येतात १, ७, १३, १९, २५. शेवटच्यासाठी २५ = १६ + ८ + १, म्हणून स्विच १, ४ आणि ५ वर करा. इथे हमखास फसतात. कागदावर २५ म्हणजे ११००१ लिहितात आणि तेच डावीकडून स्विचवर उतरवतात. पण पट्टीवर लहान किंमत डावीकडे असते. मग स्विच १, २ आणि ५ वर जातात, पत्ता होतो १९, आणि दहीहंडीच्या मंचावर पाचवा लाइट चौथ्याची नक्कल करत बसतो. लाइट बिघडला म्हणून परत पाठवण्याआधी हे तपासा. काही लाइटमध्ये सगळे स्विच खाली म्हणजे पत्ता १ धरतात. अशा लाइटला हव्या त्या पत्त्यातून एक वजा करून स्विच लावायचे.

बेरीज कशी करायची?

शाळेतल्यासारखीच, हातचा घेऊन. १ + १ = १०, म्हणजे ० मांडा, हातचा १. १ + १ + १ = ११, म्हणजे १ मांडा, हातचा १. ११०१ + १०११ = ११०००, अर्थात १३ + ११ = २४. याहून अधिक नियम नाहीत.

उणे संख्या कशी लिहितात? शीतगृहाच्या स्क्रीनवर ६५३५.६ अंश दिसतंय, सेन्सर गेला का?

सेन्सर ठीक आहे. आधी पद्धत पाहू. पहिला बिट नुसता 'उणे' या खुणेसाठी ठेवता येतो, पण मग +० आणि −० अशी दोन शून्यं होतात आणि वजाबाकीसाठी वेगळं सर्किट लागतं. म्हणून जवळपास सगळे संगणक टूज् कॉम्प्लिमेंट वापरतात: सगळे बिट उलटे करा आणि १ मिळवा.

४५ = ००१०११०१
उलटे = ११०१००१०
अधिक १ = ११०१००११, म्हणजे −४५

आता ६० मध्ये हे मिळवा: ००११११०० + ११०१००११ = १ ००००११११. नववा बिट सोडून द्या, उरले १५. वजाबाकी बेरजेच्याच सर्किटवर झाली, फायदा तो हाच. आठ बिटांत −१२८ ते +१२७ मावतात. −१२८ चं चिन्ह बदललं तर पुन्हा −१२८ च येतं, कारण +१२८ ला जागाच नाही.

पण तेच ११०१००११ बिनचिन्ही म्हणून वाचलं तर २११ होतात. बिटांवर 'मी उणे आहे' असं कुठेही लिहिलेलं नसतं. शीतगृहातला सेन्सर −१८.० अंश हे दशांशांत, म्हणजे −१८० असं, १६ बिटांत पाठवतो. ते ६५५३६ − १८० = ६५३५६ म्हणून वाचलं गेलं आणि स्क्रीनने एक दशांश देऊन ६५३५.६ दाखवलं. स्क्रीनच्या किंवा पीएलसीच्या (कारखान्यातल्या कंट्रोलरच्या) मांडणीत त्या रजिस्टरचा, म्हणजे आकडा ठेवण्याच्या कप्प्याचा, प्रकार बिनचिन्हीवरून सचिन्ह १६ बिट करा. सहज ओळखण्याची खूण: तापमान शून्याच्या वर असताना सगळं बरोबर आणि शून्याखाली जाताच आकडा साडेसहा हजारांजवळ, तर दोष हाच.

याचंच भावंड: ८ बिटांतली उणे संख्या १६ बिटांत नेताना डावीकडे शून्यं भरणं. डावीकडे चिन्हाचा बिटच पुन्हा पुन्हा लिहायचा, म्हणजे −४५ होईल ११११११११ ११०१००११.

०.१ बायनरीत नीट का बसत नाही?

बिंदूच्या उजवीकडची घरं अर्धा, पाव, आठवा, सोळावा भाग अशी निम्मी होत जातात. अपूर्णांक काढायला दोनने गुणत जायचं आणि पूर्णांक भाग बाजूला काढायचा. ०.६२५: गुणून १.२५ (१), ०.२५ गुणून ०.५ (०), ०.५ गुणून १.० (१). उत्तर ०.१०१, संपलं. आता ०.१ करून पाहा: ०.२, ०.४, ०.८, १.६, १.२, आणि मग पुन्हा ०.४. चक्र सुरू झालं: ०.०००११००११००११… कधीच संपत नाही. छेद दोनचा घात असेल तरच बायनरी अपूर्णांक संपतो, आणि दहाच्या छेदात पाच अडकलेला असतो.

जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची. ते सगळे अपूर्णांक बायनरीत अगदी चोख बसतात: पाव ०.०१, अर्धा ०.१, पाऊण ०.११, सव्वा १.०१, अडीच १०.१, औट (साडेतीन) ११.१. १ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा होता, म्हणजे जुना पैसा बिंदूनंतर सहा बिटांत पूर्ण मावला असता. शंभर पैशांचा रुपया व्यवहाराला सोयीचा झाला आणि संगणकाला गैरसोयीचा. नव्या पैशांपैकी फक्त २५, ५० आणि ७५ चोख बसतात.

म्हणूनच पायथनमध्ये ०.१ + ०.२ लिहिलं की ०.३०००००००००००००००४ येतं. हा बग नव्हे, भाषा बदलून तो जाणार नाही. पण दुर्लक्ष केलं तर महागात पडतो. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ दशांश सेकंदांत मोजत होतं आणि ०.१ हा २४ बिटांत कापलेला होता. सुमारे शंभर तास सलग चालल्यावर ०.३४ सेकंदांचा फरक साचला, येणारं स्कड क्षेपणास्त्र तिला अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मेले.

मग सोसायटीचा हिशेब कसा ठेवायचा? दर महिन्याला एक पैसा जुळत नाही.

पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे बायनरी अपूर्णांकाच्या प्रकारात, ठेवू नका. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १,३१,०७२ ते २,६२,१४४ या टप्प्यातली दोन शेजारची मूल्यं १/६४ रुपया, म्हणजे दीड पैशाहून जास्त अंतरावर असतात. १,५०,०००.१८ रुपये साठवले की प्रत्यक्षात १,५०,०००.१८७५ बसतात आणि छापताना १९ पैसे होतात. डबल (६४ बिटांचा फ्लोट) घेतलं तर चूक बारीक होते, पण 'दोन रकमा समान आहेत का' ही तपासणी तरीही दगा देते.

पूर्णांकात पैसे मोजा: १५००००१८. किंवा डेटाबेसचा डेसिमल प्रकार वापरा. पूर्णांक ६४ बिटांचा घ्या. ३२ बिटांचा सचिन्ह पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ वर संपतो. पैशांत ते फक्त २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलाच्या कॉर्पस फंडाला ते पुरायचे नाहीत. व्याजाला गुणाकार लागतोच, तिथे अर्धा पैसा वर घ्यायचा की खाली, हा नियम एकदा लिहून ठेवा आणि एकाच जागी लावा.

एनर्जी मीटर २३० व्होल्ट दाखवतो, संगणकावर ०.०० येतं. वायरिंग तर बरोबर आहे.

मॉडबस ही यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवण्याची पद्धत, तिच्या रजिस्टरमध्ये १६ बिट मावतात. ३२ बिटांचा फ्लोट दोन रजिस्टरांत तोडून येतो. आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे त्याची मांडणी अशी: १ बिट चिन्ह, ८ बिट घात (१२७ मिळवून), २३ बिट अपूर्णांक. २३० म्हणजे १११००११०, म्हणजेच १.११००११ गुणिले दोनचा सातवा घात. घाताच्या जागी ७ + १२७ = १३४. सगळं जुळवलं की हेक्साडेसिमलमध्ये ४३६६ आणि ०००० अशी दोन रजिस्टरं होतात. त्यांचा क्रम उलटला तर ०००० ४३६६ होतं. ही संख्या शून्याच्या इतकी जवळ असते की स्क्रीनवर ०.०० च दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये शब्दक्रम बदलण्याची सोय असते, तो बदलून पाहा. आकडा शून्य नसून भलताच असेल तर रजिस्टरचा पत्ता एकाने चुकला आहे का ते बघा. काही माहितीपुस्तिका शून्यापासून मोजतात, काही एकापासून.

हेक्साडेसिमल कशाला?

डोळ्यांच्या सोयीसाठी. चार बिटांचा एक अंक: ० ते ९, मग दहा ते पंधरासाठी ए ते एफ. गट नेहमी उजवीकडून पाडा. ४००६०१ हे ११० ०००१ ११०० ११०१ १००१, म्हणजे ६, १, सी, डी, ९. किंमत तीच राहते, लिहिण्याची रीत बदलते.

घड्याळाच्या चिपमधून ५९ सेकंदांऐवजी ८९ का येतात?

डीएस१३०७ सारख्या चिप बीसीडीत साठवतात. प्रत्येक दशमान अंकाला स्वतंत्र चार बिट: ५९ = ०१०१ १००१. हेच साध्या बायनरीत वाचलं की ८९. वरचे चार बिट दहाने गुणून खालचे मिळवा. सेकंदांच्या रजिस्टरचा सगळ्यात वरचा बिट मात्र घड्याळ थांबवण्यासाठी आहे, तो आधी पुसा. नव्या चिपमध्ये तो १ असेल तर घड्याळ चालतच नाही.

एक टीबीची डिस्क ९३१ जीबी का दिसते? दुकानदाराने फसवलं?

नाही. डिस्क बनवणारा टेरा म्हणजे दहाचा बारावा घात धरतो. विंडोज त्याला १०२४ ने तीनदा भागून 'जीबी' लिहितं. जागा तेवढीच आहे.

बायनरी पिंगळाने शोधली का?

थोडं खरं, थोडं ताणलेलं. पिंगळाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सगळ्या रचना क्रमाने मांडण्याचा प्रस्तार आहे, आणि 'नष्ट' या रीतीने क्रमांकावरून रचना काढता येते. सम असेल तर निम्मा करा, लघु लिहा. विषम असेल तर एक मिळवून निम्मा करा, गुरू लिहा. तीन अक्षरांतली सहावी रचना: ६ सम, ल; ३ विषम, ग; २ सम, ल. लघु-गुरू-लघु, म्हणजे ज गण. वरच्या भागाकाराच्या रीतीशी याचं नातं उघड आहे. पण या चिन्हांनी बेरीज-वजाबाकी करणं तिथे नाही. बायनरी अंकगणितावर लाइबनित्सचा लेख १७०३ चा आहे, आणि स्विचच्या सर्किटांशी त्याची गाठ क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात घातली.

शाळेत पाठ केलेलं 'यमाताराजभानसलगं' पुन्हा पाहा. लघुला ०, गुरूला १ लिहा: ०१११०१०००१. सलग तीन-तीन अंक उचलत गेलात तर तीन बिटांच्या आठही जोडण्या नेमक्या एकदाच येतात.

२०३८ ची अडचण खरी आहे का?

खरी आहे. अनेक यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या सचिन्ह पूर्णांकात मोजतात. तो १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. पुढच्या सेकंदाला चिन्हाचा बिट १ होतो आणि तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाते. नवे संगणक आणि फोन ६४ बिटांवर आहेत. धोका उरतो तो जुने सीसीटीव्ही रेकॉर्डर, हजेरीची यंत्रं आणि कारखान्यातले कंट्रोलर यांच्यात. आणि त्या दिवसाची वाट पाहायचीही गरज नाही: वीस वर्षांच्या गृहकर्जाची शेवटची तारीख आजच २०३८ च्या पलीकडे जाते, ती चुकीची छापली तर प्रोग्रॅम जुना आहे.

तपासायचं तर यंत्राचा बॅकअप घ्या, नेटवर्कची केबल काढा म्हणजे ते वेळ आपोआप सुधारणार नाही, तारीख २० जानेवारी २०३८ करा, यंत्र बंद करून सुरू करा आणि एक नोंद करून ती परत वाचा. झाल्यावर तारीख मागे आणायला विसरू नका. काही रेकॉर्डर मधल्या तारखा बघून जुनं चित्रण पुसतात, म्हणून चालू डिस्क काढून दुसऱ्या रिकाम्या डिस्कवरच हे करा.